हिशेब सोडून सामाजिक कामात यायचं, की हिशेबासकट?

जमाखर्च :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकतो.

नऊ वर्षं एका उत्पादन कंपनीत कॉस्टिंगला आहे. कच्चा माल, वीज, मजुरी, वाया गेलेला माल, या सगळ्याचा नगामागे किती खर्च बसतो ते काढणं हे माझं काम. काम येतं, आवडतंही. पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून चैन नाही. आमच्याकडे रंगकामासाठी सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, येतं. आलेलं किती, मालात गेलेलं किती, परत गोळा झालेलं किती, असा दर महिन्याला ताळा घालतो आणि जुळत नाही तो फरक 'प्रक्रियेतील तूट' म्हणून लिहितो. एका महिन्यात तूट जास्त दिसली म्हणून खाली शॉप फ्लोअरवर, जिथे माल बनतो तिथे, जाऊन विचारलं, ही जाते कुठे? तिथला ऑपरेटर म्हणाला, "कुठे जाणार साहेब, उडून जातं." तो त्याच हवेत रोज आठ तास उभा असतो. तोवर दर महिन्याला मी तो आकडा लिहीत आलो होतो, आणि तो कुणाच्या तरी छातीत जातो हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून वाटतंय की उरलेली वीस-पंचवीस वर्षं ज्याचा कुणाला उपयोग होईल अशा कामात घालावीत. सामाजिक संस्था, सोशल एंटरप्राइज (सामाजिक प्रश्नावर चालणारे उद्योग), कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी (पर्यावरण आणि समाज बघणारे) विभाग, असं बरंच वाचलं. वाचून गोंधळ वाढला. नोकरी सोडून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी का? एखादं सर्टिफिकेट पुरेल का? की सरळ संस्थेत जाऊन पडेल ते काम करावं? घरची जबाबदारी आहे, पगार थोडा कमी झाला तर चालेल, निम्मा झाला तर नाही. या क्षेत्रात असलेल्यांनी स्पष्ट सांगावं.

पायवाट :
सोळा वर्षं संस्थांमध्ये काढली आहेत, पिण्याचं पाणी आणि शाळा या दोन विषयांत. तुमच्या प्रश्नांच्या आधी एक सांगते. तुम्ही ज्या कामातून बाहेर पडायचं म्हणताय, नेमक्या त्या कामाची माणसं आमच्याकडे मिळत नाहीत.

मनापासून काम करणारे लोक या क्षेत्रात खूप येतात, आणि यावेतच. पण एकदा आमच्या खात्यात भरपूर पैसे असताना तीन महिने पगार अडकले होते. कारण ते पैसे टाक्यांच्या बांधकामासाठी बांधलेले होते. देणगीदाराने ज्या कामाला दिले त्याच कामाला वापरायचे, कार्यालयाचं भाडं आणि पगार त्यातून निघत नाहीत. मंजूर झालेला निधी आणि हातात असलेला, मोकळा निधी यांतला फरक दाखवणारा साधा तक्ता कुणी सहा महिने आधी केला असता, तर चार चांगले कार्यकर्ते सोडून गेले नसते. ते चौघं गेले आणि त्यांच्याबरोबर त्या भागातली दहा वर्षांची ओळख गेली. हे दुःख अजून आहे.

म्हणून 'पडेल ते काम करीन' म्हणून येऊ नका. "मी खर्चाचा ताळा घालतो, एका कुटुंबापर्यंत पाणी पोचवायला खरोखर किती लागतं ते काढून देतो," असं म्हणून या.

मोजपट्टी :
पायवाट यांच्याशी सहमत. मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे कंपन्यांमुळे हवेत किती हरितगृह वायू जातात, त्या उत्सर्जनाचा हिशेब करणारा. आधी इंजिनिअर होतो, सात वर्षांपूर्वी इकडे आलो.

या कामाबद्दल बाहेर फार भव्य कल्पना आहेत. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग वीजबिलं, डिझेलच्या पावत्या आणि एसी दुरुस्तीच्या नोंदी गोळा करण्यात जातो. बहुतेक सगळं जग ज्या पद्धतीने हा हिशेब करतं तो जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉल २००१ मध्ये पहिल्यांदा आला. त्यात तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात, तुमच्या गाड्यांत जे जळतं किंवा गळतं ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, वाफ वगैरे. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळी साखळी, कच्च्या मालापासून ग्राहकाने वस्तू टाकून देईपर्यंत, आणि त्याचेच १५ प्रकार आहेत. प्रत्येक ठिकाणी सूत्र एकच : किती वापर झाला, गुणिले त्या वापराचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका लिटरमागे किंवा युनिटमागे किती उत्सर्जन होतं तो आकडा. गुणाकार कुणालाही येतो. वापराचा आकडा खरा आहे का हे ओळखणं कठीण, आणि ते कॉस्टिंगवाल्याला येतं.

एक उदाहरण देतो. एसीत गॅस भरल्याची नोंद देखभाल विभागाच्या वहीत असते, लेखा विभागाला ती फक्त 'दुरुस्ती' म्हणून दिसते. आर-४१०ए हा एसीत सर्रास वापरला गेलेला गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट तापमानवाढ करतो. दहा किलो गळला तर वीस टनांची नोंद राहून गेली. ती वही शोधणारा माणूस मला हवा असतो.

दुसरं. स्कोप ३ मध्ये घाई असली की लोक खर्चावरून उत्सर्जन काढतात. अमुक रुपयांचं पोलाद घेतलं, तर तमुक टन. आता तुम्हीच सांगा, खरेदी विभागाने घासाघीस करून दर दहा टक्के उतरवला तर काय होईल? कागदावर उत्सर्जन दहा टक्के कमी. पोलाद तेवढंच आलं, भट्टी तेवढीच पेटली. नऊ वर्षं खर्च बघितलेल्या माणसाच्या हे एका क्षणात लक्षात येतं. नुसतं सर्टिफिकेट घेऊन आलेल्याच्या बऱ्याचदा येत नाही.

आणि तुमच्या सॉल्व्हंटबद्दल, कारण हे फार महत्त्वाचं आहे. ती तूट कार्बनच्या हिशेबात जवळजवळ दिसणारच नाही. त्या हिशेबात सात हरितगृह वायू किंवा वायुगट धरतात, उडून जाणारं सॉल्व्हंट सहसा त्यात बसत नाही. त्याचा प्रश्न वेगळा : श्वासातून शरीरात जाणं, आगीचा धोका, आणि सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर जमिनीलगत ओझोन तयार होणं. उद्या तुमच्या कंपनीने चकचकीत कार्बन अहवाल काढला तरी त्या ऑपरेटरची हवा तीच राहील. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आपण जे मोजतो तेवढंच सुधारतं.

उंबरठा :
मी अजून शिकतेय, शेवटचं वर्ष. मला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगमध्ये, म्हणजे परताव्याबरोबर समाजाचंही भलं होईल अशी गुंतवणूक करण्याच्या कामात, जायचं आहे. माझ्याकडे जमाखर्च यांच्यासारखा अनुभव नाही. मग मी कुठून सुरुवात करू? पदवीनंतर लगेच संस्थेत जावं की आधी एखाद्या मोठ्या कंपनीत शिकावं? वर्गातले बरेच जण म्हणतात आधी पैसे कमव, मग समाजसेवा कर.

व्याजदर :
उंबरठा, मी अशा एका फंडात काम करते, म्हणून उत्तर देते. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' हा शब्द तसा नवा आहे. २००७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतल्या बेलाजिओत बोलावलेल्या बैठकीतून तो रूढ झाला. काम मात्र जुनंच आहे : ताळेबंद वाचणं, प्रवर्तकाला अवघड प्रश्न विचारणं, करार वाचणं. त्यावर एक जादा प्रश्न असतो आणि तोच खरा. आपला पैसा नसता तर हे झालं नसतं का? बाजारातून सहज भांडवल मिळणाऱ्या कंपनीत आपण पैसे घातले, तर आपल्या अहवालात सुंदर आकडे येतील, पण आपल्यामुळे काहीच घडलेलं नसेल.

आकड्यांनी दबून जायचं नाही हेही शिकावं लागतं. लहान कर्जांची गोष्ट घे. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. मग २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. काहींना धंदा वाढवता आला, निवड करायला थोडी मोकळीक मिळाली, पण सरासरी कुटुंबाचं उत्पन्न लक्षणीय वाढलं असं दिसलं नाही. याचा अर्थ लहान कर्ज निरुपयोगी असा नाही. किती कर्जदार झाले हा आकडा म्हणजे किती जण गरिबीतून बाहेर आले हा आकडा नव्हे, एवढाच. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ सादरीकरणांत पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी बसवलेला असतो.

आणि जमाखर्च, तुमच्यासाठी एक चांगलं उदाहरण आहे. अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर सुरू केलं. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून बाकीच्यांवर फुकट किंवा अगदी कमी पैशांत शस्त्रक्रिया. हे केवळ दयेने चालत नाही. सर्जनचा वेळ सगळ्यात महाग, म्हणून एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची भिंगं आयात करणं परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून ती स्वतः बनवायला घेतली. खर्च कुठे होतो हे इतकं नेमकं कळल्याशिवाय एवढ्या लोकांना दृष्टी मिळाली नसती. मला तरी यात हिशेब आणि करुणा वेगळ्या काढता येत नाहीत.

उंबरठा, तुला सल्ला : आधी एखादं कसब हाताला लागू दे. लेखापरीक्षण, डेटा, सप्लाय चेन, सार्वजनिक आरोग्य, काहीही. ते कंपनीत शिक नाहीतर संस्थेत, पण जिथे तुझं काम तपासून चुका दाखवणारं वरिष्ठ माणूस असेल तिथे शिक. 'आधी पैसे, मग समाज' यातला धोका असा की मधल्या वर्षांत खर्च वाढत जातो आणि सोडणं अवघड होतं. राहणीमान हळूहळू वाढू दिलंस तर दार उघडं राहील.

शिलाई_मशीन :
पुरवठा साखळीतल्या कामगारांच्या परिस्थितीवर काम करतो, म्हणून या बाजूचंही लिहितो. थोडं लांब होईल.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज, दारं बंद. त्याच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला एसए८००० हे कामगार-हक्कांचं प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली आणि ११३४ लोक मेले. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद झाली, वरच्या मजल्यांवरच्या शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. कामगारांना तडे दिसत होते. त्यांना नाही म्हणायची ताकद नव्हती.

मी या क्षेत्रात आलो तेव्हा वाटायचं की आपण चांगली तपासणी-यादी केली, मन लावून तपासलं, की झालं. आता तसं वाटत नाही. वर्षातून दोन दिवस जाऊन आलेल्या तपासनीसाला कारखाना जे दाखवायचं ते दाखवतो. राणा प्लाझानंतर झालेला बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार वेगळा ठरला तो यामुळे की त्यात ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या होत्या, तो कायद्याने बांधील होता आणि तपासण्यांचे निष्कर्ष जाहीर होत होते.

पण जमाखर्च, तुम्हाला सांगायचंय ते पुढे आहे. जादा तासांचं मूळ पुष्कळदा कारखान्यात नसतं, खरेदीदाराच्या मेलमध्ये असतं. माल निघायच्या दोन आठवडे आधी रंग बदलायचा, तारीख मात्र तीच ठेवायची. मग रात्रपाळी होणारच. वर्षानुवर्षं खर्चाचा दर खाली रेटला की तो शेवटी कुणाच्या तरी मजुरीतून किंवा सुरक्षेतून निघतो. हे बदलणारा माणूस सस्टेनेबिलिटी विभागात बसलेला नसतो. तो खरेदीत असतो, कॉस्टिंगला असतो. किमान मजुरी आणि सुरक्षेचा खर्च दरात वेगळी ओळ म्हणून दाखवा आणि ती ओळ घासाघिशीच्या बाहेर ठेवा, ही एक गोष्ट तुमच्या खुर्चीवरून होऊ शकते. माझ्या खुर्चीवरून नाही.

पुन्हा_एकदा :
सगळं पटतंय, पण वर एकाने तरी पगार आणि प्रकृतीबद्दल लिहायला हवं होतं. मी लिहिते.

पाच वर्षं एका संस्थेत होते. सकाळी सातपासून रात्री कधीही. सुट्टी मागितली की "आपण नोकरी करत नाही, काम करतो" असं ऐकायला मिळायचं. ते वाक्य मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आजारी पडले, सहा महिने घरी होते, आणि त्या काळात कळलं की माझा करार प्रकल्पाला जोडलेला होता. प्रकल्प संपला, करार संपला. कुणी वाईट नव्हतं. पण माणसं जपायची पद्धतच नव्हती.

दोन वर्षं दुसरं काम करून मी परत आले, दुसऱ्या ठिकाणी. यावेळी मुलाखतीत मीच प्रश्न विचारले. हे पद कोणत्या निधीवर आहे आणि तो कधी संपतो? माझ्या आधी या जागेवर कोण होतं, ते का गेलं, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? मागच्या वर्षी तुम्ही कोणता उपक्रम बंद केलात आणि का? शेवटच्या प्रश्नाने फार कळतं. ज्यांना एकही उपक्रम बंद करावासा वाटला नाही, ते बहुधा कामाकडे नीट बघत नाहीत.

आणि जमाखर्च, तुम्ही 'निम्मा पगार झाला तर नाही' असं आधीच लिहिलंत हे चांगलं केलंत. ही मर्यादा सांगताना संकोच करू नका.

पायवाट :
पुन्हा_एकदा, वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मीही कधीकाळी ते वाक्य लोकांना ऐकवलेलं आहे. आता ऐकवत नाही.

बंद केलेल्या उपक्रमांवरून एक आठवलं. आफ्रिकेतल्या प्लेपंपची गोष्ट. मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर टाकीत चढायचं. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये मोठमोठे निधी जाहीर झाले, २०१० पर्यंत ४००० पंप बसवायचे ठरलं. प्रत्यक्षात मुलं कंटाळली की बायकांना ते जड चक्र हाताने फिरवावं लागे, साध्या हातपंपापेक्षा जास्त कष्टाने. बिघडला तर दुरुस्ती गावात होत नसे. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारलं असतं तर? संस्थेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी ही गोष्ट सांगते, कारण आम्हीही एका गावात वापर न होणाऱ्या टाक्या बांधल्या आहेत.

काठावरून :
इतका वेळ वाचत होतो. एक शंका आहे, रोखठोक विचारतो. मोजपट्टी, तुम्ही प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांनाच अहवाल करून देता. त्याने त्यांच्यावर हिरवा मुलामा चढत नाही का? आत राहून बदल घडतो असं म्हणणारे बरेच बघितले, बदलताना कंपनी दिसत नाही, माणूसच बदलतो.

मोजपट्टी :
रास्त प्रश्न आहे आणि तो मला रात्री छळतो, म्हणून उडवून लावणार नाही.

मुलामा चढतो. मी दोन कामं त्यामुळे सोडली आहेत. एका ठिकाणी आधारवर्ष, म्हणजे पुढची वर्षं ज्याच्याशी ताडून बघतात ते वर्ष, सोयीचं निवडायचं होतं. सगळ्यात जास्त उत्सर्जन झालेलं वर्ष धरलं की पुढचं प्रत्येक वर्ष 'घट' दिसतं. मी नाही म्हणालो, त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. 'ट्रिपल बॉटम लाइन' (नफ्याबरोबर माणसं आणि पर्यावरण यांचाही ताळेबंद) हा शब्द १९९४ मध्ये देणाऱ्या जॉन एल्किंग्टन यांनीच २०१८ मध्ये, कार उत्पादक सदोष गाडी परत मागवतात तसा, तो परत मागवत असल्याचं लिहिलं. भांडवलशाहीचा मुळातून विचार व्हावा म्हणून दिलेली कल्पना लोकांनी हिशेबाचं साधन करून टाकली, ही त्यांची खंत.

तरी मी आत का आहे? इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण माझ्यासमोर असतं. १९९४ मध्ये पर्यावरणाबद्दल तुमची भूमिका काय असं ग्राहक विचारू लागले आणि संस्थापक रे अँडरसन यांच्याकडे उत्तर नव्हतं. पेट्रोलियमवर उभा असलेला धंदा. त्यातून त्यांनी २०२० पर्यंत पर्यावरणावरचा वाईट परिणाम शून्यावर आणायचं ध्येय ठेवलं आणि कच्चा माल, कचरा, ऊर्जा सगळं एकेक करून बदलायला घेतलं. हे आतल्या माणसांनीच केलं, आणि प्रश्न बाहेरच्या ग्राहकांनी विचारला म्हणून केलं. मला दोन्ही लागतात असं वाटतं. बाहेरचा दबाव नसेल तर आतल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, आणि दबाव आल्यावर काय करायचं ते आत कुणाला तरी ठाऊक असावं लागतं.

माझी स्वतःची कसोटी एवढीच : या वर्षी माझ्यामुळे एखादी खरी भट्टी, खरी गळती, खरा ट्रक बदलला का? सलग दोन वर्षं उत्तर नाही आलं तर जागा सोडायची.

जाता जाता नोकऱ्यांबद्दल. नियमांमुळे मागणी आहे. कंपन्यांच्या अहवालांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयएफआरएसची एस१ आणि एस२ ही सस्टेनेबिलिटीची मानकं जून २०२३ मध्ये आली, आणि युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्कामुळे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं तिकडे पाठवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या आयातदाराला उत्सर्जन कळवावं लागतंय. पण कंपन्यांनी पर्यावरण आणि समाजाबद्दल अहवाल द्यावा असं सांगणारा युरोपचाच कायदा २०२३ मध्ये लागू झाला आणि २०२५ मध्ये अनेक कंपन्यांसाठी दोन वर्षं पुढे ढकलला गेला. ज्यांनी फक्त त्या एका कायद्याचं शिक्षण घेतलं ते आज अडचणीत आहेत. कायद्यापुरतं शिकू नका, मोजमाप शिका. जीएचजी प्रोटोकॉलची मानकं फुकट वाचता येतात, वस्तूच्या आयुष्यभराचा परिणाम काढायला ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पदवीला पैसे घालण्याआधी तीन महिने हे करून बघा. रस टिकला तर पुढचा विचार.

उंबरठा :
व्याजदर ताई, मोजपट्टी, खूप आभार. मी ओपनएलसीए उतरवून घेतलं. कॉलेजच्या छापखान्याचा हिशेब करून बघणार आहे.

जमाखर्च :
चार महिन्यांनी परत आलो. आधी लिहायला हवं होतं, पण हातात काही असल्याशिवाय लिहू नये असं वाटलं.

मी नोकरी सोडली नाही. शिलाई_मशीन यांचा तो परिच्छेद छापून टेबलाच्या खणात ठेवला. मग 'आपण जे मोजतो तेवढंच सुधारतं' हे मोजपट्टी यांचं वाक्य धरून सॉल्व्हंटचा ताळा पुन्हा मांडला, महिन्याऐवजी पाळीप्रमाणे आणि एकूण आकड्याऐवजी टप्प्याप्रमाणे. पिंप आलं तेव्हा वजन, टाकीत ओतल्यावर वजन, पाळी संपताना टाकीची पातळी. तो ऑपरेटर रोज माझ्याबरोबर नोंदी घ्यायला थांबायचा. तूट एका ठिकाणी नव्हतीच. रंग मिसळायच्या दोन्ही टाक्या रात्रभर उघड्या असायच्या, कारण त्यांची झाकणं तीन वर्षांपूर्वी तुटली होती आणि कुणी मागवली नव्हती. पुसायची फडकी उघड्या डब्यात पडायची. पिंपातून ओतताना उडायचं ते वेगळंच. त्या माणसाला यातलं बहुतेक आधीच माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणाऱ्यांत मीही नऊ वर्षं नव्हतो.

व्यवस्थापनापुढे मांडताना मी दोन आकडे शेजारी ठेवले : उडून जाणाऱ्या मालाची किंमत आणि त्या जागी काम करणाऱ्यांची संख्या. झाकणं आणि बंद डबे लगेच मंजूर झाले. हवा बाहेर खेचणाऱ्या यंत्रणेचा प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकात गेलाय, त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही. तिथली हवा बाहेरच्या तज्ज्ञाकडून मोजून घ्यायचीही परवानगी मिळाली आहे. निकाल ऑपरेटरांना दाखवायचा ही अट मी आधीच लेखी घेतली.

दुसरं, पायवाट यांच्याशी बोलून शनिवारी एका संस्थेचे हिशेब बघायला लागलोय. पहिल्याच महिन्यात बांधलेला निधी आणि मोकळा निधी वेगळे करणारा तक्ता केला. तिसऱ्या महिन्यात पगाराला पैसे कमी पडणार होते ते आधीच दिसलं, आणि त्यांना देणगीदाराशी बोलायला वेळ मिळाला. वर्षभर हे करीन, मग पूर्ण वेळ कुठे जायचं ते ठरवीन. पदवीचा विचार सध्या बाजूला.

एक अडलंय. झाकणं बसल्यापासून तूट कमी झालीय, पण त्याच काळात उत्पादनही कमी झालं आणि थंडीही पडली. सुधारणा खरी किती, ते कसं काढू?

मोजपट्टी :
वाचून मनापासून आनंद झाला. त्या ऑपरेटरला माझा नमस्कार सांगा.

उत्तर : एकूण तूट बघू नका, रंगवलेल्या दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम ते काढा, म्हणजे उत्पादनाचा परिणाम निघून जाईल. थंडीसाठी मागच्या वर्षीच्या याच महिन्यांशी तुलना करा. तुमच्याकडे नऊ वर्षांचे महिन्याचे आकडे आहेत, तो खजिना आहे. झाकणांआधीचे किमान बारा महिने आत्ताच वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, तारीख घाला आणि नंतर त्यात कुणालाही हात लावू देऊ नका. मिसळायच्या दोन टाक्यांपैकी एकीचं झाकण महिनाभर उशिरा बसवून फरक बघता आला असता, पण त्या टाकीशेजारीही माणूस उभा असतो. तेव्हा तसं करणं बरोबर नव्हतं.

जमाखर्च :
दोन्ही टाक्यांची झाकणं एकाच दिवशी बसवली. फाइल आज संध्याकाळी काढतो.